दिवाकरपंत अजून सज्ज्यातच

आमच्या उकंडमामाला दोनच गोष्टी मोठ्या आवाजात करता येतात. बैलाला हाक मारणं आणि पोथी वाचणं. बाकी सगळं तो हळू बोलतो, आणि तेही आधी शालूमामीकडे एकदा बघून.

रोहिणखेडच्या पुढं त्याचं गाव. चार एकर वावर, त्यात बीटी कपाशी आणि मधूनमधून तुरीची तासं. अंगानं मामा काटकुळा, पण देवळात बसून बोलला तर एसटीच्या थांब्यावरचा माणूस मागं वळून बघतो. मी नाटक शिकले तेव्हा आवाज पोटातून यावा म्हणून आमचे सर आमच्याकडून काय काय करून घेत. मामाकडून कुणी काही करून घेतलं नव्हतं. तो फक्त मांडी घालून बसायचा, घसा खाकरायचा, आणि कळसावरची पाखरं उडायची.

दर श्रावणात मारुतीच्या देवळात दिवेलागणीला पोथी लागते. मामा वाचणार आणि पंजाबराव अर्थ सांगणार. पंजाबराव म्हणजे गावचा सल्लागार. कोणतं औषध फवारावं, पोरगी कुठं द्यावी, हे कुणी विचारायच्या आत तो सांगतो. मामानं चार ओळी वाचून थांबायचं, मग पंजाबरावनं त्या चार ओळींचा अर्थ प्रसाद थंड होईस्तोवर सांगायचा.

पोथीचे नियम कडक. आधी नारळ फोडायचं, मगच तिचं लाल बासन सोडायचं, आणि एकदा बासन सुटलं की पोथी अर्ध्यावर सोडायची नाही. एकही पान गाळायचं नाही. ऐकायला निदान एक माणूस पाहिजेच. समाप्तीपर्यंत वाचणाऱ्यानं दाढी करायची नाही, कांदा-लसूण खायचा नाही, खाटेवर झोपायचं नाही.

नियम मोडला तर काय होतं, तेही गावाला पाठ होतं. मामाच्या आधीचा वाचक कुणाशी तरी भांडून पोथी अर्ध्यावर टाकून उठला, आणि त्याच साली गारपीट झाली. त्या माणसाचं खरं नाव आता कुणाला आठवत नाही. तो ‘अर्धपोथ्या’ झाला. त्याची पोरं अर्धपोथ्याची पोरं. नातवानं मलकापूरला चांगलं मोबाईलचं दुकान टाकलंय, तर गावातली माणसं रिचार्ज ‘अर्धपोथ्याच्या इथं’ मारतात.

वाघ, विंचू, वीज, मामा कशालाच भीत नाही. अर्धपोथ्या होण्याला भितो.

आणि सतराच्या साली नेमकी ती वेळ आली.

मी त्या पावसाळ्यात मामाकडेच होते. देवळाला रंग द्यायला म्हणून सामान हलवलं, तर पोथीच्या जागी वाळवीचं वारूळ निघालं. देवळाची झाडलोट करणाऱ्या सहदेवला दुसरी पोथी आणायला गावातल्या निवृत्त मास्तरांच्या, नारायणराव गुरुजींच्या घरी पिटाळलं. गुरुजी लेकाकडे नाशिकला. त्यांनी फोनवर सांगितलं, ‘‘कोनाड्यात लाल बासनात पोथी आहे, घेऊन जा.’’ सहदेव घेऊन आला.

पहिल्या दिवशी देऊळ गच्च भरलं. नारळ फुटलं, शेंडी देवापुढं ठेवली. मामानं बासन सोडलं, पहिलं पान उलटलं, आणि तो तसाच बसला.

‘‘काऊन थांबला गा?’’ पंजाबरावनं विचारलं.

‘‘हे पोथी नोहे.’’

‘‘मंग काय हाये?’’

मामानं त्याच्या त्या आवाजात वाचलं, ‘‘एक अजरामर सामाजिक कादंबरी. आवृत्ती चौथी.’’

सगळ्यांनी सहदेवकडे पाहिलं. सहदेव म्हणाला, ‘‘कोनाड्यात दोन बासनं होते. एक बारीक, एक जाडं. म्या जाडं आणलं.’’

‘‘जाडं काऊन आणलं बे?’’

‘‘बारीक आणलं असतं तर म्हटलं असतं, सहदेवनं देवाच्या कामात चिंगूसपणा केला.’’

‘‘जाय, बदलून आण!’’ पंजाबराव ओरडला.

सहदेव उठलाही. पण पहिल्या रांगेत वाती वळत बसलेली तानामाय, म्हणजे मामाची चुलती आणि गावातली सगळ्यात म्हातारी बाई, मान वर न करता म्हणाली, ‘‘बस खाली. उकंडा, नारळ फुटलं का नाही?’’

‘‘फुटलं.’’

‘‘बासन सुटलं का नाही?’’

‘‘सुटलं माय, पण हे तर...’’

‘‘जे सुटलं ते पुरं कर. वावरात कपाशी उभी हाये. का तुले बी अर्धपोथ्या व्हाचं हाये?’’

मामाचा हात आपोआप पानावर गेला.

गुरुजींना फोन केला तेव्हा ते इतके खूश झाले की त्यांना ठसका लागला. ‘‘अहो, फार मोठी कादंबरी आहे ती! अभिजात! म्हणून तर बासनात ठेवली. मी स्वतः तीन वेळा सुरू केली आहे.’’

किती वेळा संपवली, ते मामानं विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

‘‘‘प्रभातसमयीच्या धूसर आलोकात,’’’ मामानं सुरुवात केली, ‘‘‘दिवाकरपंत आपल्या सौधाच्या सज्ज्यात उभे राहून, हेमलतेच्या गृही जावे किंवा न जावे, या द्विधा विचारात निमग्न झाले होते.’’’

मामा थांबला. पंजाबराव खाकरला. ‘‘म्हणजे असं पाहा, एक दिवाकरपंत हाये. तो गॅलरीत उभा हाये. हेमलता नावाच्या पोरीच्या घरी जाव का नाही, असा विचार करून राह्यला.’’

मामानं आणखी दोन पानं वाचली. नदीवरचं धुकं आलं, वृक्षांच्या फांद्या आल्या, मानवी मनाच्या अथांगतेवर दीड पान आलं.

‘‘म्हणजे,’’ पंजाबराव म्हणाला, ‘‘अजून विचार करून राह्यला.’’

पुन्हा दोन पानं.

‘‘करूनच राह्यला.’’

पहिल्या दिवशी लोकांना वाटलं, मोठा माणूस आहे, विचार करणारच. दुसऱ्या दिवशी दिवाकरपंतांनी सज्ज्यातल्या कुंडीतलं एक फूल हुंगलं. तिसऱ्या दिवशी त्या फुलावरून त्यांना बालपण आठवलं, ते आठवडाभर पुरलं. रस्त्यात भेटेल तो मामाला विचारायचा, ‘‘गेला का गा तो?’’ मामा खाली बघून म्हणायचा, ‘‘नाही. गॅलरीतच हाये.’’

‘‘परवा बी गॅलरीतच होता!’’

‘‘आता पाठ टेकवली त्यानं.’’

मामाच्या वावराला लागून रहेमतुल्लाभाईंचं वावर. दोघांची निम्मी जिंदगी एका धुऱ्यावर, म्हणजे मधल्या बांधावर, बसून गेलेली. भाई रोज देवळाच्या पायरीवर बसायचे आणि आतून आवाज आला की तिथूनच दाद द्यायचे. ‘‘उकंडभाऊ, या आदमीला वावर नाही का? निंदण, फवारणी, काहीच नाही? तिथं माझी बीवी असती तर एका दिवसात खाली उतरवला असता.’’

घरची परिस्थिती वेगळीच होती. वाचणाऱ्याला वर्ज्य ते चुलीलाच वर्ज्य, त्यामुळे कांदा बंद, लसूण बंद. शालूमामी लसणाशिवायचा ठेचा वाढायची आणि ताटाकडे बोट दाखवून म्हणायची, ‘‘पाहा. वऱ्हाडातल्या बाईनं असा ठेचा केला म्हणून सांगू नका कोणाले. अन् हे तोंड पाहा आरशात. दाढी पाहून कुत्रे भुंकतात. पुढच्या महिन्यात सुचिताले पाहाले पाव्हणे येऊन राह्यले, त्याहीले सांगू काय, पोरीचा बाप हा हाये, अस्वल नोहे?’’

‘‘पुरी झाली की करीन वं दाढी.’’

‘‘कवा पुरी होईल? तो उतरला का?’’

मामा हळूच म्हणाला, ‘‘आज चपला घातल्या त्यानं.’’

‘‘मंग?’’

‘‘मंग काढल्या.’’

पोळा झाला, गणपती बसले, उठले, तरी पुस्तक संपायचं नाव घेत नव्हतं. देवळातली माणसं रोज गळायला लागली. मामाला वाचताना डुलकी यायची. एकदा मी पाहिलं, त्याचे डोळे मिटले होते आणि आवाज तसाच चालू होता, रिकाम्या रहाटासारखा.

शेवटी त्यानं एक दिवस पाप केलं. थुंकी लावून पान उलटताना दोन-तीन पानं एकदमच उलटली आणि जोरात पुढं वाचायला लागला, ‘‘‘अश्वाच्या टापांचा ध्वनी ऐकून दिवाकरपंतांनी...’’’

पंजाबरावही आनंदला. ‘‘म्हणजे, घोडा आला! आता निघते गडी!’’

तानामाय भिंतीला टेकून घोरत होती. घोरणं थांबलं. एक डोळा उघडला.

‘‘उकंडा. काल दिवाकर आरामखुर्चीवर बसला होता. शाल अंगावर घेतली होती. आज एकदम घोडं कुठून आलं?’’

मामानं पानं मागं उलटली. घोडा रस्त्यावरून दुसऱ्याच कुणाचा तरी जात होता, असं पुढं निघालं. दिवाकरपंतांनी तो जाताना नुसता पाहिला.

याच सुमाराला कपाशीत डोमकळ्या दिसायला लागल्या. कपाशीचं फूल उमलत नाही, गुलाबाच्या कळीसारखं मिटून राहतं. त्याला आमच्याकडे डोमकळी म्हणतात. फूल उकललं की आत गुलाबी अळी. बीटीच्या पाकिटावरचं बोंड तर केवढं टपोरं, स्वच्छ. बीटीला अळी लागत नाही म्हणून तर सगळ्यांनी ते पेरलं होतं. पंजाबराव दोन कळ्या हातात घेऊन थेट मामाच्या ओसरीवर आला.

‘‘उकंडराव, हे पाहा. मी नाव कोणाचं घेत नाही. पण श्रावणात लागलेली पोथी भादव्यात बी चालू हाये, असं या गावात कधी झालं का?’’

‘‘मी सोडली का? रोज वाचून राह्यलो नं!’’

‘‘सोडू नका. सोडली तर संपलंच. पण पुरी बी होत नाही नं, तेच म्हणतो मी. लोकं बोलून राह्यले.’’

‘‘काय बोलून राह्यले?’’

पंजाबरावनं गारपिटीच्या सालची आठवण काढून उसासा टाकला आणि गेला. मामा अंगणात उभा राहिला, आणि त्याच्या दाढीतून त्याचा चेहरा एवढासा झालेला मला दिसला.

दुसऱ्या दिवशी तर कहरच. देवळात कुणीच नाही. तानामाय लेकीकडे दुसरबीडला गेलेली. सहदेव घंटा पुसून निघून गेला, कारण त्याचं म्हणणं, त्यानं नुसतं आणलं होतं, ऐकायचं कबूल केलं नव्हतं. रहेमतुल्लाभाई बाजाराला. मी होते, पण मामा म्हणाला, ‘‘तू भाची. घरचं माणूस मोजत नाहीत.’’ ऐकणारा नाही म्हणजे वाचन नाही, आणि वाचन नाही म्हणजे खाडा, आणि खाडा म्हणजे पोथी तुटली.

मामीनं देवळाच्या दारात येऊन कमरेवर हात ठेवला. ‘‘रडता काय असे? आपल्या वावरात बेबीताईच्या बाया निंदून राह्यल्या. दिवे लागेपर्यंत हायेत. त्या कुठं पळतात?’’

बेबीताई म्हणजे निंदणाऱ्या बायकांची म्होरकी. खुरप्याइतकीच तिची जीभ चालते. मामा धुऱ्यावर बसला, पुस्तक मांडीवर घेतलं आणि वाचायला लागला. बायका ओळीनं पुढं सरकत होत्या, त्यांच्याबरोबर मामाही धुऱ्यावरून सरकत होता. अर्थ सांगायला पंजाबराव नव्हता, म्हणून ती पाळी माझ्यावर आली.

‘‘काय म्हणते तो?’’ बेबीताईनं न बघता विचारलं.

‘‘तिच्या घरी जाऊ की नको, असा विचार करतोय.’’

‘‘किती दिवस झाले?’’

‘‘श्रावणापासून.’’

खुरपी थांबली. ‘‘अन् थे हेमलता काय करून राह्यली तवर?’’

मामानं पुढची दोन पानं चाळली. ‘‘हे यात नाही.’’

‘‘नाही कसं? तिच्या घरी चूल नाही का? पाणी भराचं नाही का? पुस्तकवाल्यानं तिले विचारलंच नाही?’’

‘‘नाही विचारलं.’’

बेबीताई उठून उभी राहिली, पदर खोचला, खुरपं सज्ज्याच्या दिशेनं रोखलं, म्हणजे मामाच्या दिशेनं. ‘‘ओ पंत! किती उभं राहाल? पाय नाही दुखत? इकडं माह्या बापानं तीन जागा पाह्यल्या. याचं असन तर या, नाही तर मी चालली निंदाले!’’

बायका इतक्या हसल्या की धुऱ्यापलीकडचे बैल बिथरले. मामानं पान उलटलं आणि पुढचं वाक्य वाचलं, ‘‘‘दिवाकरपंतांस भास झाला की, जणू कोणी आपणास साद घातली.’’’

मग एक बाई तोंडावर हात ठेवून म्हणाली, ‘‘बाई बाई, ऐकू गेलं त्याले!’’

त्या दिवसापासून बायका संध्याकाळी देवळात यायला लागल्या. मामा दिवाकरपंतांचं वाचायचा आणि बेबीताई हेमलतेचं बोलायची. पुस्तकात नसलेली हेमलता रोज नवीन. एका दिवशी ती दिवाकरपंतांना शेण काढायला लावायची, एका दिवशी सोयरिकीची बैठक मोडायची. बायकांमागून पुरुष आले. तानामायही दुसरबीडहून परतली आणि म्हणाली, ‘‘एवढं माहीत असतं तर लेकीकडे गेलीच नसती.’’ पंजाबरावला वाटलं, आपलं काम गेलं. पण बेबीताईनं त्याला हेमलतेच्या बापाचं काम दिलं, आणि सल्ले देण्याची त्याची हौस एकदाची कामी आली. मी तर नुसती बघत बसले. तालमीशिवाय, मंचाशिवाय, दिव्याशिवाय एवढं चांगलं नाटक मी तोवर पाहिलं नव्हतं.

मामाची भीती मात्र गेली नव्हती. वावरातली बोंडं हिरवीगार, टणक दिसत; फोडलं की आत अळी. वाचताना तो मध्येच थांबून लोकांच्या तोंडाकडे बघायचा, याच्यामुळंच अळी आली असं आता कोण म्हणतंय म्हणून.

दसरा तोंडावर आला तेव्हा समाप्तीचा दिवस उगवला. मारुतीपुढं शिऱ्याचं पातेलं, देऊळ बाहेरपर्यंत भरलेलं. शेवटच्या पानाला मामाचा आवाज असा लागला की रहेमतुल्लाभाई पायरीवरून उठून दारात आले. दिवाकरपंत सज्ज्यातून उतरले. जिना उतरले. देऊळभर ‘‘उतरला, उतरला’’ झालं. अंगण ओलांडलं, फाटकाला हात लावला...

‘‘‘आणि तेथेच,’’’ मामा वाचत होता, ‘‘‘नियतीच्या अगम्य लीलेचा विचार मनी येऊन, दिवाकरपंत परत फिरले, आणि पूर्ववत सज्ज्यात येऊन उभे राहिले. समाप्त.’’’

वातींचा तडतड आवाज ऐकू आला.

‘‘याच्या मायले!’’ सहदेव ओरडला. ‘‘म्या हे उचलून आणलं!’’

मग जो गलका झाला, तो अजून आठवला तरी पोट दुखतं. बेबीताई म्हणे, हेमलतेचं लग्न आजच लावते. पंजाबराव बापाच्या नात्यानं दिवाकरपंतांना शिव्या देत होता. त्याच भरात त्याच्या तोंडून ते निघालं, ‘‘असलं नाट लावणारं पुस्तक देवळात लागलं, म्हणूनच वावरात अळी आली!’’

गलका बसला. मामानं हातातलं पुस्तक घट्ट धरलं.

रहेमतुल्लाभाई चपला काढून आत आले. त्यांनी खिशातून एक हिरवं बोंड काढलं आणि सगळ्यांसमोर अंगठ्यानं फोडलं. आत अळी. ‘‘पंजाबभाऊ, हे माझ्या वावरातलं. मी तर कोणतीच पोथी नाही लावली. आणि काल देऊळघाटला गेलतो. तिथं तर खरी पोथी होती, श्रावणातच पुरी झाली, जेवणं बी झाले. तिथं बी हेच. अळीला वाचता येते का राजेहो?’’

पंजाबरावनं बोंड उलटसुलट पाहिलं. मग ते पुढच्या माणसाकडे दिलं.

तानामायनं वाती बाजूला ठेवल्या. ‘‘उकंडानं पानही गाळलं नाही. दोन-तीन गाळले होते, ते म्या परत वाचून घेतले. पोथी पुरी झाली. या गावात अर्धपोथ्या एकच, अन् तो मेला. वाढा शिरा.’’

मामानं पुस्तक बासनात बांधलं. गाठ मारताना तो हसत होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं दाढी केली. वरचा चेहरा उन्हानं काळा आणि हनुवटी गोरी. मामी म्हणाली, पाव्हण्यांपुढं अर्धंच तोंड दाखवा. घरात लसणाची फोडणी बसली तेव्हा गल्लीतली माणसं वासावरून विचारायला आली.

पुढं तालुक्याचे साहेब अळीची पाहणी करायला आले. मामाच्या आणि भाईंच्या वावरामधल्या धुऱ्यावर ते उभे राहिले, बुटाला माती लागू नये अशा बेतानं. मागं सगळं गाव. साहेब दुरूनच कपाशीकडे बघत म्हणाले, ‘‘प्रादुर्भावाचं स्वरूप लक्षात घेता, वरिष्ठ पातळीवर यासंदर्भात सर्वंकष विचारविनिमय होऊन योग्य तो निर्णय अपेक्षित आहे.’’

ते थांबले. सवयीनं पंजाबराव खाकरला.

‘‘म्हणजे,’’ तो म्हणाला, ‘‘विचार करून राह्यले.’’

मागून बेबीताईचा आवाज आला, ‘‘गॅलरीतच हायेत का?’’

लोक हसू दाबायला लागले. साहेबांना काहीच कळेना. ते गाडीकडे वळणार, तेवढ्यात मामा पुढं झाला. मला वाटलं, आता आधी मामीकडे बघेल. त्यानं नाही पाहिलं. बैलासाठी आणि पोथीसाठी राखून ठेवलेला तो आवाज त्यानं पोटातून काढला, आणि पलीकडच्या लिंबावरची पाखरं उडाली.

‘‘साहेब! खाली उतरा!’’

साहेब दचकले, आणि दचकून धुऱ्यावरून खाली उतरले. बूट चिखलात गेले. भाईंनी पुढं होऊन एक बोंड त्यांच्या हातावर ठेवलं.

‘‘फोडा,’’ भाई म्हणाले.

साहेबांनी फोडलं.